नऊ घरांची फळी

ब्रॉनाने फळीवर शिक्का मारला तेव्हा तिच्या डाव्या काखेत नऊ महिन्यांची उना होती, शिक्क्याचं टोपण दातांत होतं आणि टेबलावर भाताची पेज सांडली होती. गुरुवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पुढे जे काही झालं त्याचं मूळ त्या पेजेत होतं.

फळी म्हणजे गल्लीची फिरती फळी. वर एक चिमटा, चिमट्यात गावच्या कचेरीचे कागद: बर्फ कधी उपसायचा, तापाची सुई कधी टोचणार, कोणाचं मांजर हरवलं. पहिल्या घराने वाचायचं, आपल्या नावापुढच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि फळी दुसऱ्या घराच्या दारात ठेवायची. गल्लीत घरं चौदा. त्यांतली पाच कुलूपबंद; त्यांचे मालक एक तर तोक्योत होते किंवा देवळामागे दगडाखाली. उरलेल्या नऊ घरांत, या दोघी मायलेकी सोडल्या तर, सगळ्यांत तरुण माणूस एकाहत्तर वर्षांचा होता. पहिलं घर ब्रॉनाचं.

पेज फळीकडे ओघळायला लागली तसे तिने टेबलावरचे कागद भराभर उचलले, बाहीने पुसले आणि चिमट्यात कोंबले. बर्फाचा कागद, सुईचा कागद, मांजर, आणि आदल्या दिवशी टपालाने आलेला 'वाकडा मुळा'.

'वाकडा मुळा' हे त्या डोंगराळ जिल्ह्यातल्या, ब्रॉनासारख्या परदेशी इंग्रजी शिक्षकांचं विनोदी मासिक होतं. मासिक म्हणायचं इतकंच. वेंडेल नावाचा बार्बाडोसचा एक शिक्षक त्याचा संपादक, आणि त्याच्या शाळेचं झेरॉक्स मशीन ज्या महिन्यात धड असेल त्या महिन्यात अंक निघायचा. प्रती चाळीस. लिहिणारे तेच, वाचणारे तेच, आणि "या अंकात दम नाही" म्हणणारेही तेच. हिवाळ्यात शाळेच्या गारठलेल्या वर्गांत दिवसभर "धिस इज अ पेन" म्हणून घरी आल्यावर माणसाला हसायला काहीतरी लागतं, म्हणून तो मुळा होता.

शुक्रवारी संध्याकाळी सातला वेंडेलचा फोन आला.

"सहावं पान पाहिलंस? तुझा लेख. वर मी जनरलचं चित्र काढलंय. छातीवर पदकं, हातात चिमटा, पायाखाली कचऱ्याच्या पिशव्या!"

"थांब हं." ब्रॉनाने टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, उनाच्या पांघरुणात पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "पेज."

"काय?"

"पेज सांडली होती, वेंडेल. अंक फळीवर गेला."

मग वेंडेल म्हणाला, "म्हणजे आपल्याला चाळीसच्या वर वाचक मिळाले?"

"ती जनरल आता उनाला सांभाळते!"

"कोण जनरल?"

"तीच! लेखातली!"

"अगं, मग तिच्यावर असं लिहिलंस कशाला?"

"मी एप्रिलमध्ये लिहिलं! तू नोव्हेंबरात छापलंस!"

"मशीन बिघडलं होतं गं," वेंडेल अपराधी आवाजात म्हणाला.

जनरल म्हणजे नवव्या घरच्या सावाबे फुमिए. एप्रिलमध्ये उनाचा बाप "तिकडे जाऊन नोकरी बघतो" म्हणून आयर्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. त्याच आठवड्यात ब्रॉना उनाला घेऊन या गल्लीत राहायला आली, आणि पहिल्याच मंगळवारी तिची कचऱ्याची पिशवी तिच्याच दारात परत आली. पिशवीवर लाल चिठ्ठी: 'असं चालणार नाही.' पिशवी घेऊन फुमिए स्वतः उभी होती. ताठ कणा, पांढरे हातमोजे. पिशवीत ब्रॉनाने त्या माणसाचा राहिलेला शर्ट टाकला होता. फुमिएने तो घडी करून आणला होता, आणि सोबत कागदाच्या पुडीत त्याची कापलेली बटणं. "कापड जळतं," ती म्हणाली होती. "बटणं जळत नाहीत. ती गुरुवारी." जळणारा कचरा मंगळवारी, न जळणारा गुरुवारी; चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी कचऱ्याची गाडी उचलत नसे.

त्या रात्री ब्रॉना रडत रडत लिहायला बसली, आणि लिहिता लिहिता तिला हसू आलं. त्यातलं एक वाक्य वेंडेलला फार आवडलं होतं: 'आमची जनरल मरणार नाही. मृत्यूने तिला चुकीच्या वारी बाहेर ठेवली असावी, म्हणून गाडी तिला उचलत नाही.'

जूनमध्ये ब्रॉनाची रजा संपली. गावच्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं मूल घेत नसत, आणि प्रवेश फक्त एप्रिलमध्ये. शाळेत गेलं नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली की या देशात राहण्याचा परवाना जाणार. शाळेच्या पहिल्या दिवशी ती दारात पोरीला घेऊन नुसती उभी होती. तेवढ्यात फुमिए आणखी एक पिशवी परत द्यायला आली. तिने पिशवी खाली ठेवली, पोर उचलली आणि म्हणाली, "शाळेला जा." इतकंच. संध्याकाळी उनाच्या अंगरख्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी मिळाली: 'दूध एकशे साठ. शी एकदा, चांगली. हसली चार वेळा.' तेव्हापासून रोज चिठ्ठी यायची. हसण्याचा आकडा कधी सहाच्या वर गेला नाही. ब्रॉनाला संशय होता की सहाच्या पुढचं फुमिए स्वतःसाठी ठेवून घेते.

आता फळी त्या नवव्या घराकडे निघाली होती. शुक्रवारी साडेचारला उनाला आणताना फुमिए नेहमीसारखीच होती, म्हणजे फळी अजून पोहोचली नव्हती. पण सात वाजून गेले होते, आणि या गल्लीत सात वाजल्यानंतर दार वाजलं की आतला माणूस आधी विचारायचा, "कोण गेलं?" ब्रॉना सकाळची वाट बघत पडून राहिली.

शनिवारी आठच्या आत ती उनाला पाठीशी बांधून दुसऱ्या घरी गेली. होशिकावाबाई ओसरीवर मुळे सुकत घालत होत्या.

"फळी? ती गुरुवारीच पुढे गेली."

"त्यात एक इंग्रजी कागद होता. वाचलात का?"

"मी? अगं, मी काही वाचत नाही. सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या सांगितलं, शिक्का मार आणि पुढे ठेव. बावन्न वर्षं झाली. वाचलं की काळजी लागते." बाईंनी उनाच्या हातात एक संत्रं दिलं. "मास्तरांकडे बघ जा."

ब्रॉनाला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं. सगळे असेच असले तर? तिसऱ्या घरापर्यंत, म्हणजे वीस पावलं, ती सुखात होती.

तिसऱ्या घरचे कुवाबारामास्तर छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. वय चौऱ्याऐंशी. ब्रॉनाला पाहताच ते उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"मी आपला ऋणी आहे! या फळीवर इंग्रजी मजकूर येईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. रात्रभर बसलो. दोन शब्दकोश लागले."

"कशाला लागले?" ब्रॉनाने विचारलं. खरं तर तिला कळलं होतं.

"भाषांतराला! इतर घरांना इंग्रजी येत नाही, त्यांनी काय करायचं? मी स्वच्छ अक्षरात लिहून मागे जोडलंय. सतरा तळटीपा आहेत."

"मास्तर, तो विनोद होता हो."

"ते आलं माझ्या लक्षात. जिथे विनोद आहे तिथे मी कंसात 'हा विनोद आहे' असं लिहिलंय. म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ नको." मास्तरांनी आवाज खाली आणला. "व्यक्तिचित्रण तर हुबेहूब. फक्त नाव नव्हतं. ते मी टीप क्रमांक चारमध्ये दिलं. घर क्रमांकासकट."

पाठीवरची उना संत्र्याने ब्रॉनाच्या डोक्यावर थापा मारत होती. ब्रॉनाला वाटलं, बरोबर मारतेय.

चौथ्या घरच्या बाई तिला बघून तोंडावर हात ठेवून आत पळाल्या. पाचव्या घरच्या आजोबांनी काही न विचारताच वरच्या दिशेला बोट दाखवलं. सहाव्या घरी गल्लीचे प्रमुख निहेई खिडक्यांना बर्फ अडवायच्या फळ्या ठोकत होते. वयाने ते गल्लीत सगळ्यांत लहान, म्हणून प्रमुख.

"काल संध्याकाळी आली, रात्री वाचली, पहाटे पुढे ठेवली," ते म्हणाले. "एकंदरीत चांगला प्रतिसाद आहे."

"प्रतिसाद म्हणजे?"

"चौथ्या घराने समासात लिहिलंय की त्यांचीही पिशवी नऊ वेळा परत आली. पाचव्या घराने माशाच्या डब्याचं प्रकरण लिहिलंय. डबा नीट धुतला नव्हता म्हणून फुमिएबाईंनी तो त्यांच्या मुलाच्या लग्नात परत आणून दिला. मी काही लिहिलं नाही." निहेईंनी खिळा तोंडातून काढला. "फक्त साल दुरुस्त केलं. ते लग्न त्र्याऐंशीचं."

"निहेई-सान, हे त्यांच्या घरी पोहोचलं तर काय होईल?"

"वाईट होईल."

"मग तुम्ही थांबवली का नाही?"

"काय थांबवू? फळी?" नदी का थांबवली नाही असं कोणी विचारावं, तसं निहेईंनी तिच्याकडे पाहिलं. "माझी बायको गेली त्या दिवशी फळी आमच्याकडेच होती. ती गेल्याचा कागद मीच लिहिला, मीच चिमट्यात लावला, शिक्का मारला आणि सातव्या घरी ठेवून आलो. मग आत येऊन रडलो. फळी थांबत नसते, बाई."

ब्रॉना वाकली आणि जवळजवळ धावतच वर निघाली. सातवं घर बंद होतं, माणसं देवळात गेली होती. आठव्या घरचे तोझावा-आजोबा दारात लाकडं फोडत होते.

"सकाळीच ठेवली तिच्याकडे," ते म्हणाले. "तास झाला असेल."

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की. फार वाईट वाटलं."

"मग?"

"मग ठेवली."

नवव्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फुमिए बुटक्या टेबलाशी रजईत पाय घालून बसली होती. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यापुढे भिंग, भिंगापुढे फळी. तिने वर न बघताच म्हटलं, "ये. दार लाव, वारा येतो."

ब्रॉनाने उनाला पाठीवरून सोडवलं मात्र, उना चटईवरून रांगत तडक फुमिएच्या मांडीत जाऊन बसली आणि भिंगाला हात घालू लागली. फुमिएने ते दुसऱ्या हातात घेतलं आणि वाचू लागली.

"टीप चार. 'जनरल म्हणजे नवव्या घरच्या श्रीमती सावाबे फुमिए, वय एक्क्याऐंशी.' ब्याऐंशी. मास्तरांना सांग."

"आजी, मला माफ करा, मी..."

"टीप अकरा. 'मृत्यूने तिला चुकीच्या वारी बाहेर ठेवली असावी, म्हणून गाडी तिला उचलत नाही. कंसात, हा विनोद आहे.'" फुमिएने चष्म्यावरून पाहिलं. "यात हसायचं कुठे?"

"कुठेच नाही," ब्रॉना म्हणाली.

"मग मास्तरांनी कंस कशाला घातला?" तिने पान उलटलं. "विनोद मला एकही कळला नाही. खरं तेवढं सगळं कळलं. त्या शर्टाची बटणं तू सहा लिहिलीस. सात होती. एक बाहीवर होतं."

उनाने फळीचा चिमटा तोंडात घातला होता. फुमिएने तो सोडवून घेतला, पदराने पुसावा तसा बाहीने पुसला, आणि त्याच आवाजात म्हणाली, "सोमवारपासून मला हिला ठेवता यायचं नाही."

हे वाक्य येणार हे ब्रॉनाला काल संध्याकाळपासून माहीत होतं. तरी ते आलं तेव्हा तिचं कपाळ आपोआप चटईला टेकलं. बोलायला गेली तर हुंदकाच आला. "मी ते एप्रिलमध्ये लिहिलं होतं... तेव्हा मला तुम्ही कशा आहात ते..."

"तेव्हा मी काय वेगळी होते? तेव्हाही अशीच होते. पिशवी चुकली तर आजही परत आणेन. ऊठ. रडायचं ते नंतर रड, आधी ऐक. शहरातल्या इस्पितळात खाट मिळाली आहे, सोमवारची. पोटात काहीतरी वाढलंय. ते कापायचं म्हणतात, मग बघू म्हणतात. 'बघू' म्हणताना डॉक्टर खिडकीकडे बघत होता."

ब्रॉना उठून बसली.

"दोन आठवडे झाले कळून," फुमिए म्हणाली. "तुला सांगायचं तर तू शाळेतून यायचीस, ही तुझ्या गळ्यात पडायची, तू चिठ्ठी वाचायचीस. मी म्हणायची, उद्या सांगू. मग आज फळी आली. वाचली आणि बरं वाटलं बघ. म्हटलं, रागवायला कारण मिळालं. भांडून सोडलं की सोपं जातं. दार आपटायचं आणि निघायचं. तासभर झाला, इथे बसून राग आणायचा बघतेय."

"आणि?"

"येतोय. पण तुझ्यावर येत नाही." तिने भिंग समासावर धरलं. समास चारही बाजूंनी भरला होता, काही ठिकाणी कागद आडवा करून लिहिलं होतं. "तुला इथे येऊन आठ महिने. यांना माझ्या शेजारी पन्नास वर्षं झाली. नऊ पिशव्या! लग्नात डबा! पन्नास वर्षांत एकाला तोंडावर सांगवलं नाही. आणि फळी कोणी थांबवली? कोणी नाही."

"थांबवत नाहीत म्हणे."

"थांबवायचीच नसते. मीसुद्धा थांबवली नसती." फुमिएने शिक्के मोजले. "तुझा धरून आठ. म्हणजे सगळ्यांनी वाचलंय. आता कोणी 'मी नाही त्यातला' म्हणायचं नाही." तिने टेबलाखालून पट्टी आणि पेन काढलं. "हिला घरी ने. मला काम आहे."

रविवारी दुपारी ब्रॉनाच्या दारात फळी आली. आजवर ती तिच्याकडे कचेरीतून यायची आणि वर जायची. वरून खाली आलेली तिने प्रथमच पाहिली. 'वाकडा मुळा' चिमट्यात नव्हता. त्याच्या जागी पट्टीने आखलेला एक कागद होता.

'सूचना. पहिल्या घरची उना, वय नऊ महिने. सोमवार ते शुक्रवार, साडेआठ ते साडेचार. सोमवार, निहेई. मंगळवार, होशिकावा. बुधवार, कुवाबारा. गुरुवार, पाचवं घर. शुक्रवार, तोझावा. चौथं आणि सातवं घर राखीव. दूध मनगटावर थेंब टाकून बघावं, जिभेने बघू नये. निहेईंनी मूल घेण्याआधी घड्याळ काढून ठेवावं. तोझावांनी आठवड्यातून निदान शुक्रवारी दाढी करावी. मास्तरांनी तिला इंग्रजी शिकवू नये. तिला आधी चालू द्यावं. ज्यांना ही व्यवस्था मान्य नसेल त्यांनी माझ्या घरी येऊन तोंडावर सांगावं.'

खाली आठही चौकोनांत शिक्के होते. पन्नास वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका रविवारच्या सकाळी कोणाला जमणार? होशिकावाबाईंचा शिक्का सगळ्यांत ठळक होता. फळी ठेवायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्याही होत्या, "काही विशेष नाही गं, बर्फाचंच असेल," आणि मंगळवारी आपल्या घरी काय येणार आहे याची कल्पना नसताना सुखाने मुळे उलटायला गेल्या होत्या.

कागदाच्या अगदी शेवटी, वेगळी रेघ आखून, आणखी एक ओळ होती. 'एप्रिलपासून: पाळणाघरातून चार वाजता आणणे. रोज. सावाबे.'

ब्रॉनाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग उनाला खाली ठेवून, दोन्ही हातांनी, नववा शिक्का मारला.

सोमवारी सव्वासातच्या बसला अख्खी गल्ली थांब्यावर होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मास्तरांनी कोट घातला होता, तोझावा-आजोबा सोमवार असूनही दाढी करून आले होते आणि तीन ठिकाणी कापून घेतलं होतं. फुमिए लहानशी बॅग घेऊन ताठ उभी होती. कोणाशी बोलायला तिला वेळ नव्हता. ती निहेईंना मूल कसं धरायचं ते दाखवत होती. निहेईंनी उनाला दोन्ही हातांत आडवी धरली होती, कचेरीत फाइल न्यावी तशी.

"पाठ," फुमिए म्हणाली. "पाठ सरळ धरा. नाही हो, तुमची नाही."

बस आली. फुमिएने उनाच्या टोपीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. ड्रायव्हर समोर बघत थांबला होता. मग तिने बॅग उचलली आणि पायरीवर पाय ठेवला.

"आजी," ब्रॉना म्हणाली. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "ते एप्रिलचं... तुम्ही रोज असं लिहिलंय."

"मग?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

फुमिए पायरीवर वळली. आठ महिन्यांपूर्वी पिशवी परत आणून दारात उभी राहिली होती, अगदी तशीच ताठ.

"डॉक्टरांना कशाला विचारायचं?" ती म्हणाली. "त्यांना आपल्या फळीवर चौकोन आहे का?"

दार मिटलं. बस उतारावरून वळणाआड गेली, तरी कोणी हललं नाही. मग निहेईंच्या हातांत उनाने भोकाड पसरलं, आणि सगळे म्हातारे एकदमच त्यांच्या अंगावर खेकसले की मूल असं धरत नाहीत.